बेचक्यातला दगड

एप्रिल संपत आला.
चेरी फुलून झडूनही गेली,
पर्सिमनला कानाएवढी पानं आली,
आणि आमची बोर तशीच,
अंगणात कुणी रोवून विसरलेली
काटक्यांची जुडी.

दर वर्षी वाटतं, गेली या खेपेला.
मी नखानं साल खरवडते.
आत हिरवं.
कुंपणापलीकडून मा आजोबा ओरडतात,
"सोंग आहे ते. उठवू नकोस तिला.
ऊन खरं वाटलं की उठेल आपणच."

ही बोर आईनं लावली, बोउनला सून म्हणून आली त्या वर्षी.
मुळाशी फुटलेला हातभर फुटवा
माहेरहून ओल्या चिंध्यांत बांधून, बसमध्ये मांडीवर.
अजूनही ती फुटवे सोडते वाट्टेल तिथे:
सोयाबीनच्या रांजणांमागे, संडासाच्या पायरीशी,
एकदा तर मा आजोबांच्या कोबीत.
छाटावेत तर दोन काटे, एक सरळ, एक वाकडा.
सरळ म्हणतो, जा.
वाकडा बाही सोडत नाही.

पाचव्या महिन्याची पंचमी होती.
त्या दिवशी इथे बोरीचं लग्न लावतात,
दोन फांद्यांच्या बेचक्यात दगड बसवायचा,
म्हणजे फळ धरतं.
एरवी फळासाठी लोक झाडावर दगड भिरकावतात.
आईनं शिडीवर चढून तो हलक्या हातानं बसवला,
ओढ्यातला, बदकाच्या अंड्याएवढा,
इकडून तिकडून दाबून पाहिला,
आणि खाली शिडी धरून उभ्या मला म्हणाली,
"चला. हिचं तरी झालं."

मी सव्वीस वर्षांची होते.
त्यावर काही बोलले नाही. शिडी मात्र जरा हलवली.

परवाच्या सालच्या आधी एक फांदी वेडी झाली.
फुलं यायची तिथे पानंच,
बारीक, दाट, केरसुणीसारखी.
हा रोग आला की बोर जाते, सगळ्यांना ठाऊक.
शेतकी कचेरीतला तरुण आला, चू नावाचा, नवे बूट घातलेला.
त्यानं ती फांदी कापून जाळायला लावली,
खोडाला गिरमिटानं भोक पाडलं
आणि पिवळ्या औषधाची बाटली टांगून गेला.
त्याच आठवड्यात छोंगजूच्या इस्पितळात
आईच्या उशाशी दुसरी बाटली.
सकाळी इथले थेंब मोजायचे, दुपारच्या बसनं जाऊन तिथले.
कोणती बाटली कधी संपते
ते मी एकाच वहीत लिहायची.
एक दिवस रकाने उलटे भरले.
कुणाचं काही बिघडलं नाही.

आई घरी आली ती एकच शब्द घेऊन.
देचू.
बोर.
पाणी हवं, देचू.
पाय दुखतो, देचू.
टीव्हीवरचा माणूस खोटं बोलतोय, देचू, देचू!
मलाही तेच.
सुरुवातीला मी दुरुस्त करायची. मग सोडलं.
स्वर ऐकायला शिकले,
जसं खोडावर टिचकी मारून
आत पोकळ आहे का ते ऐकतात.

यंदा जूनमध्ये फुलं आली,
तांदळाच्या कणीएवढी, हिरवट,
मधमाश्या आल्या नसत्या तर दिसलीही नसती.
पाणी बेतानं दिलं. फळ पोसताना मात्र सोडलं नाही,
नाहीतर कोरडीनंतरच्या पावसात ती तडकतात.
तरी चौथा हिस्सा तडकलाच.

आता ऑक्टोबर. अर्धी तांबडी, अर्धी हिरवी,
मी आईला खुर्चीसकट झाडाखाली आणलं.
तिनं एक खाल्लं, करकरीत,
बी माझ्या तळहातावर काढली
आणि वर बेचक्याकडे बोट केलं.

सालीनं दगड गिळलाय.
दोन्ही बाजूंचे ओठ मिटत आलेत,
मधे नखाएवढं करडं उरलंय, बस.

"देचू," आई म्हणाली.

फळाला म्हणाली, झाडाला, की मला,
की इतक्या वर्षांनी त्या लग्नाबद्दल काही.
मी तिचा हात धरून होते.
मागून मा आजोबा टोपली मागायला आले,
त्यांना म्हटलं, घ्या, पण तडकलेली आधी,
ती टिकत नाहीत.